दहावी-बारावीच्या वर्गात आयकर विवरणपत्र भरायला कसं शिकवावं

राज्य मंडळाच्या नववीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे आणि त्यात आयकराची उदाहरणं आहेत. मुलं ती सोडवतात, गुणही मिळवतात. पुढे पहिली नोकरी लागते, जुलै उजाडतो आणि हीच मुलं पॅन, आधार, पासवर्ड असं सगळं कुठल्यातरी ‘टॅक्सवाल्या’ला व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळी होतात. त्यांचं गणित कच्चं असतं असं नाही. गणितात घालायचे आकडे कुठून आणायचे, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. पुस्तकात उत्पन्न तयार दिलेलं असतं. खऱ्या आयुष्यात ते चार कागदांतून शोधून काढावं लागतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : या विषयासाठी जेवढे तास मिळतील त्यातले निम्म्याहून अधिक कागद वाचण्यावर घालवा. कराचे दर एखाद्या अर्थसंकल्पात बदलतात, कागद जुळवण्याची सवय मात्र जन्मभर पुरते. खालचा क्रम साधारण सहा तासिकांचा आहे. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचे, म्हणजे २०२६ मध्ये भरायच्या विवरणपत्राचे आहेत.

आधी वेळ आणि पथ्यं

हा विषय जुलैत घ्या. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते (विदर्भात थोडी उशिरा), कंपन्या १५ जूनपर्यंत फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) देतात आणि पगारदारांची मुदत ३१ जुलैला संपते. घरात आई किंवा बाबा हेच काम करत असतात, त्यामुळे वर्गातलं बोलणं घरी जाऊन पोचतं. मार्चमध्ये शिकवलं तर ते नुसतं प्रकरण राहतं.

पथ्यं दोन, आणि ती कडक पाळा. पहिलं, कोणत्याही मुलाकडून आईवडिलांचा फॉर्म १६ किंवा उत्पन्नाचा आकडा मागवू नका. वर्गात एकाचे वडील बँकेत अधिकारी असतात, दुसऱ्याची आई चार घरची धुणीभांडी करते. हजेरीपटाशेजारी उत्पन्नाचा पट नको. दुसरं, सरावासाठी कोणाच्याही खऱ्या खात्यात लॉगिन करायचं नाही, स्वतःच्यासुद्धा नाही. प्रोजेक्टरवर तुमचा पगार दिसला की पुढची वीस मिनिटं वाया गेली म्हणून समजा. आयकर विभागाच्या पोर्टलवर कोऱ्या आयटीआर-१ ची, म्हणजे साध्या उत्पन्नाच्या विवरणपत्राच्या फॉर्मची, पीडीएफ मिळते. तिच्या प्रती काढा आणि पेन्सिलने भरायला लावा.

पहिली तासिका : पैसे कोणाचे?

फळ्यावर करदर लिहून सुरुवात करू नका. मुलांच्या ओळखीच्या पैशांपासून सुरू करा. आजीने नातवाच्या नावावर ठेवलेली एफडी, शिष्यवृत्ती, शिकाऊ उमेदवाराला मिळणारं विद्यावेतन, यूट्यूब चॅनेलचे पैसे, वाढदिवसाला मामाने दिलेले पाच हजार, वडिलांच्या उसाचं बिल, दूध संघाकडून दर दहा दिवसांनी येणारी रक्कम. प्रत्येकापुढे दोन प्रश्न : हे उत्पन्न कोणाचं? आणि त्यावर कर लागू शकतो का?

इथे वर्ग पेटतो, कारण उत्तरं अंदाजाच्या उलट निघतात. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावरच्या एफडीचं व्याज मुलाचं धरत नाहीत; आई आणि वडील यांच्यापैकी ज्यांचं उत्पन्न जास्त, त्यांच्या उत्पन्नात ते मिळवलं जातं. पण त्याच मुलाने स्वतःच्या कलेवर किंवा कौशल्यावर कमावलं, म्हणजे मालिकेत काम केलं, तबल्याचे कार्यक्रम केले, व्हिडिओ एडिट करून पैसे घेतले, तर ते त्याचं स्वतःचं उत्पन्न. विवरणपत्र लागलंच तर ते त्याच्या वतीने पालक भरतात. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त. मामाची भेटही करमुक्त, कारण मामा कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक आहे. बाबांच्या मित्रांकडून किंवा इतर परक्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त आले तर मात्र कर लागू होतो.

ग्रामीण भागातल्या शाळेत शेतीवर पाच मिनिटं जास्त द्या. उसाचं, कांद्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त. दुधाचं तसं नाही. गोठा शेतात असला तरी दुग्धव्यवसाय कायद्याच्या नजरेत व्यवसाय आहे, कुक्कुटपालनही तसंच. हे ऐकल्यावर मुलं दचकतात. लगेच सांगा की उत्पन्न म्हणजे संघाचं पूर्ण बिल नव्हे; पेंड, चारा, औषधं, मजुरी वजा जाऊन उरतं ते. आणि शेतीचं करमुक्त उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर साधा आयटीआर-१ चालत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवा.

शेवटी कायद्यातले पाच कप्पे फळ्यावर लिहा : पगार, घर किंवा इमारतीचं उत्पन्न, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा, इतर स्रोत. मघाची यादी मुलांनाच या कप्प्यांत टाकू द्या. एफडीचं व्याज ‘इतर’ मध्ये जातं हे त्यांना जरा अपमानास्पद वाटतं, पण लक्षात राहतं.

दुसरी आणि तिसरी तासिका : एका आत्याचे कागद

सगळ्या वर्गासाठी एक काल्पनिक आत्या तयार करा. ती नाशिकच्या खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. वर्षाचा पगार ७,२०,००० रुपये. वडिलांच्या पश्चात आलेले पैसे तिने एफडीत ठेवले आहेत; त्यावर वर्षाचं व्याज ६२,००० आणि बँकेने १० टक्के दराने कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) ६,२००. बचत खात्याचं व्याज ४,८००. भविष्य निर्वाह निधीत तिचे वर्षाला १,००,००० जातात. व्यवसाय कर २,५००, म्हणजे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००.

आता हे आकडे सरळ सांगू नका. चार कागद स्वतः टाइप करून गटागटांत वाटा : फॉर्म १६, बँकेचं व्याज प्रमाणपत्र, पासबुकाची दोन पानं आणि एआयएस, म्हणजे विभागाकडे आपल्याविषयी जमलेल्या माहितीचं वार्षिक विवरण. गटाने शोधायचं, आत्याचं एकूण उत्पन्न किती?

कागदांत मुद्दाम खोड्या पेरा. फॉर्म १६ मध्ये फक्त पगार असू द्या. व्याजाचा उल्लेख नको. नोकरी करणाऱ्यांचा हाच घोटाळा होतो : फॉर्म १६ म्हणजेच सगळं, असं समजून ते व्याज दाखवतच नाहीत. बचत खात्याचं व्याज पासबुकात तिमाहीला थोडं थोडं विखुरलेलं ठेवा म्हणजे बेरीज करावी लागेल. एआयएसमध्ये एफडीचं व्याज दोनदा दाखवा, एकदा टीडीएसच्या भागात आणि एकदा बँकेने स्वतंत्रपणे कळवलेल्या माहितीत. खऱ्या एआयएसमध्येही असं दिसतं. निम्मे गट १,२४,००० धरतील. त्यांना लगेच चूक म्हणू नका. व्याज प्रमाणपत्र शेजारी ठेवून पुन्हा पाहायला सांगा. एआयएसमधली नोंद चुकीची असेल तर तिथेच अभिप्राय नोंदवता येतो, ही गोष्ट मोठ्यांनाही ठाऊक नसते.

इथे एक प्रश्न हमखास येतो. एफडी पाच वर्षांची, व्याज शेवटी एकदम मिळणार, तर दरवर्षी कर कसा? बँक दर वर्षी जमा होत जाणारं व्याज हिशेबात धरते, तेच विभागाला कळवते आणि त्यावरच टीडीएस कापते. ते दरवर्षी दाखवलं नाही तर पाचव्या वर्षी सगळं एकदम अंगावर येतं, शिवाय मधल्या वर्षांचा टीडीएस जुळत नाही. या प्रश्नासाठी तासिका लांबली तरी चालेल.

टीडीएसबद्दलचा गैरसमजही याच तासिकेत काढा. ‘बँकेने कापला, आता माझा संबंध संपला’ असं नसतं. टीडीएस हा आगाऊ भरणा आहे. खरा हिशेब विवरणपत्रात होतो. सर्वसाधारण खातेदाराला एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं की टीडीएस लागतो, ज्येष्ठ नागरिकांना १,००,००० च्या वर. व्याज त्याखाली असलं तर कापत नाहीत, पण उत्पन्नात ते धरावंच लागतं.

उत्तर : ७,२०,००० + ६२,००० + ४,८०० = ७,८६,८००.

चौथी तासिका : टप्पे

कर मोजण्याच्या दोन पद्धती आहेत : जुनी, जास्त वजावटींची, आणि नवी, मोजक्या वजावटींची. नवी पद्धत आता आपोआप लागू होणारी आहे. तिचे टप्पे : ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ ची सवलत, जास्तीत जास्त ६०,००० रुपये. लॉटरीसारख्या खास दराच्या उत्पन्नावरच्या कराला ही सवलत नाही; तिथे सरळ ३० टक्के. उरलेल्या करावर ४ टक्के उपकर.

टप्पे समजावण्यासाठी सहा-सात डबे आणि खेळातल्या नोटा आणा. पहिला डबा भरल्याशिवाय दुसऱ्यात टाकायचं नाही, आणि प्रत्येक डब्याची टक्केवारी त्या डब्यातल्या पैशांनाच. ‘पगार वाढला, वरच्या स्लॅबमध्ये गेलो, आता सगळ्यावर जास्त कर’ ही समजूत कितीतरी पदवीधरांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. डब्यांनी ती दहा मिनिटांत सुटते.

आत्याचं गणित : ७,८६,८०० मधून ७५,००० वजा, राहिले ७,११,८००. चार लाखांवरचे ३,११,८००, त्याचे ५ टक्के १५,५९०. सवलत १५,५९०. कर शून्य. बँकेने कापलेले ६,२०० परत मिळायला हवेत.

मग विचारा : कर शून्य असेल तर विवरणपत्र कशाला? बहुतेक हात ‘नको’ म्हणून वर होतील, आणि नेमकी हीच समजूत घरोघरी आहे. विवरणपत्र भरण्याची सक्ती १२ लाखांशी बांधलेली नाही. नव्या पद्धतीत ती ४ लाखांची मूळ मर्यादा ओलांडली की येते. सवलतीमुळे कर शून्य होतो, जबाबदारी शून्य होत नाही. शिवाय भरलं नाही तर ६,२०० विसराच. उत्पन्न कमी असूनही काही वेळा भरावं लागतं. वर्षाचं वीजबिल १ लाखाच्या वर गेलं किंवा परदेश प्रवासावर २ लाखांपेक्षा जास्त खर्च केला, तर सक्ती येते.

जुन्या पद्धतीने तेच गणित गृहपाठाला द्या. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, कलम ८०क (80C) खाली भविष्य निर्वाह निधीचे १,००,०००, बचत खात्याच्या व्याजाची ४,८०० ची सूट. करपात्र ६,२९,५००. अडीच ते पाच लाखांचे ५ टक्के १२,५००, वरच्या १,२९,५०० चे २० टक्के २५,९००, मिळून ३८,४००. उपकर १,५३६. दहाच्या पटीत ३९,९४०. एवढ्या वजावटी घेऊनही जुनी पद्धत महाग पडली, हे मुलांनी स्वतः काढलं की ‘टॅक्स वाचवायला पॉलिसी घ्या’ म्हणणाऱ्या एजंटसमोर ती जरा सावध होतील.

हुशार मुलांसाठी आणखी एक उदाहरण. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं तर दहा हजार जास्त कमावल्याबद्दल ६१,५०० कर? कायद्याने यावर तोड ठेवली आहे : १२ लाखांवर जेवढी रक्कम, त्यापेक्षा जास्त कर नाही. म्हणजे १०,००० आणि उपकर ४००. ही सूट कुठे संपते? १२ लाखांवरची रक्कम क्ष धरा. क्ष = ६०,००० + ०.१५ क्ष. क्ष येतो ७०,५८८, म्हणजे साधारण १२,७०,५८८ रुपयांपर्यंत. रेषीय समीकरणाचं इतकं जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकात मला सापडलेलं नाही.

पाचवी तासिका : फॉर्म भरणं

आता कोरा आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’. पगार, घर, व्याज असं साधं उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीचं एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर हा फॉर्म. स्वतःचा धंदा असेल तर तो चालत नाही.

पॅनचा रकाना आला की त्याची रचना सांगा : पाच अक्षरं, चार अंक, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’, पाचवं आडनावाचं आद्याक्षर. आत्याच्या पॅनमध्ये शून्यं भरा, कोणाचा खरा क्रमांक चुकून नको.

वर्षाचा रकाना गोंधळाचा आहे. आत्याने कमावलं आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये, फॉर्मवर कर निर्धारण वर्ष २०२६-२७. बहुतेक मुलं चुकतात ती इथेच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात या जोडीच्या जागी ‘कर वर्ष’ ही एकच कल्पना आहे. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाला अजून १९६१ चाच कायदा. दोन्ही समजावून सांगा, कारण ही मुलं स्वतः विवरणपत्र भरतील तेव्हा ‘कर वर्ष’च असेल.

दुसरी अडखळण्याची जागा पद्धत निवडण्याचा प्रश्न. फॉर्म विचारतो, ‘नव्या पद्धतीतून बाहेर पडायचं आहे का?’ इथे ‘नाही’ म्हणजे नवी पद्धत हवी. घाईत लोक उलटीकडे टिक करतात आणि मग चाळीस हजारांचा कर पाहून घाबरतात. पगारदाराला जुनी पद्धत हवी असेल तर मुदतीतच विवरणपत्र भरावं लागतं. उशिरा भरताना तो पर्याय उरत नाही.

पोर्टलवर हेच काम पाच भागांत येतं : वैयक्तिक माहिती, एकूण उत्पन्न, वजावटी, भरलेला कर, देय कर. बराचसा मजकूर आधीच भरलेला असतो. म्हणूनच मुलांकडून कागदावर करून घ्यायचं. आधीच भरलेला आकडा बरोबर आहे की नाही हे ज्याने एकदा हाताने भरलं आहे त्यालाच कळतं.

वजावटींच्या पानावर थोडं थांबा. ‘रिफंडवर टक्केवारी’ घेणारे काही जण खोट्या देणग्या, खोटं घरभाडं लिहून मोठा परतावा काढून देतात. पकडला जातो तो सही करणारा. खोटी माहिती देऊन लपवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. एवढं फळ्यावर लिहा आणि पुढे चला.

सहावी तासिका : ‘सबमिट’नंतर

फॉर्म पाठवला की काम झालं असं वाटतं. ३० दिवसांत पडताळणी केली नाही तर ते विवरणपत्र भरलंच नाही असं धरतात. आधारचा ओटीपी, नेटबँकिंग, किंवा सही केलेली पावती बेंगळुरूच्या केंद्राला टपालाने. परतावा येण्यासाठी बँक खातं पोर्टलवर आधी प्रमाणित केलेलं लागतं. नंतर कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. तिची पीडीएफ उघडण्याचा पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. सूचनेला नोटीस समजून घाबरणारे पुष्कळ आहेत. ती बहुधा ‘तुमचा आणि आमचा हिशेब जुळला’ एवढंच सांगते.

मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिरा भरता येतं. विलंब शुल्क ५,००० रुपये. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००.

फसवणुकीलाही याच तासात जागा द्या. ‘तुमचा परतावा मंजूर, लिंकवर क्लिक करा’ असा खोटा संदेश तयार करून गटांना द्या आणि त्यातल्या चुका शोधायला सांगा. विभाग पिन, ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक मागत नाही.

लहान वर्गांसाठी, सातवी-आठवीला, यातलं काहीच नको. त्यांना आयकर विभागाचे खेळ पुरे. जून २०२२ मध्ये पणजीत केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या हस्ते ‘स्नेक्स, लॅडर्स अँड टॅक्सेस’ ही सापशिडी आणि मोटू-पतलूची चित्रकथा अशी साधनं प्रकाशित झाली होती.

बारावीच्या मुलांसाठी जास्तीचं

बारावीत काही जण वर्षभरात अठरा पूर्ण करतात. ज्यांच्याकडे लहानपणी पालकांनी काढलेला पॅन आहे, त्यांच्या कार्डावर फोटो आणि सही नसते. अठरानंतर दुरुस्तीचा अर्ज करून फोटो-सही असलेलं कार्ड घ्यायचं. क्रमांक तोच राहतो. ज्यांच्याकडे पॅन नाहीच, त्यांना आधारला मोबाइल जोडलेला असेल तर पोर्टलवरून ई-पॅन विनामूल्य मिळतो. घोळ होतो तो इथे : जुनं कार्ड घरात सापडत नाही म्हणून मूल नवा पॅन काढतं. एका माणसाला दोन पॅन चालत नाहीत, त्याला १०,००० रुपये दंड आहे. म्हणून अर्जाआधी आईच्या कपाटातली फाईल आणि एफडीच्या पावत्या तपासायला सांगा. पावतीवर मुलाचा पॅन छापलेला असेल तर नवा अर्ज करायचा नाही.